इयर एंड आणि ईस्टर एकाच दिवशी: वसईतल्या एका घराचा पवित्र आठवडा

2024 साली ईस्टर 31 मार्चला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशीच, आला होता. ज्यांच्या घरात कोणी बँकेत किंवा अकाउंट्सला आहे त्यांना एवढं सांगितलं तरी कळेल पुढे काय झालं असणार. मी जे लिहितेय ते माझ्या माहेरचं आहे, वसईतलं, वहिनीला विचारूनच लिहितेय, तिनेच म्हटलं लिहा ताई, नावं नको टाकू पण बाकी सगळं लिहा कारण आपल्या गावात अशी पन्नास घरं असतील आणि प्रत्येकाला वाटतं हे फक्त आपल्याच घरी होतं.

घरात पाच माणसं. आई 74 वर्षांची. भाऊ रात्रपाळीला, अमेरिकेतल्या इन्शुरन्सच्या क्लेम्सचं काम, ऑफिस मालाडला, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. वहिनी सरकारी बँकेत, ब्रँच सांताक्रूझला. मुलगा 17 वर्षांचा, बारावी नुकतीच संपलेली आणि 4 एप्रिलपासून जेईईचं दुसरं सेशन सुरू. मुलगी 11 ची, तिची वार्षिक परीक्षा तोंडावर. मी लग्न करून दहा मिनिटांच्या अंतरावर, त्यामुळे माहेरी रोज एक चक्कर असतेच, म्हणून हे सगळं जवळून बघितलंय.

आधी तारखांचं थोडं सांगते कारण सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते हे सगळ्यांना माहीत असतं पण का बदलते ते आपल्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. 325 साली नायसियाला धर्मपरिषद भरली त्या काळापासूनचा नियम असा की 21 मार्च धरून त्यानंतरची जी पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे आपल्या पंचांगाच्या हिशोबाने बघा, कधी होळीची पौर्णिमा तर कधी चैत्र पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. 2024 ला होळीचीच पौर्णिमा लागली. 24 मार्चला, पवित्र आठवडा सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी, सकाळी आम्ही चर्चमध्ये झावळ्या घेऊन मिरवणुकीत चाललो आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या आळीत होळी पेटली, 25 ला धुळवड, आणि पुढचा रविवार 31. याआधी 2002 ला आणि 2013 ला पण ईस्टर 31 मार्चलाच होता, पण तेव्हा वहिनी कर भरण्याच्या सरकारी चलनांच्या डेस्कवर नव्हती.

आता मार्चचा शेवटचा आठवडा बघा कसा होता. गुरुवार 28, पवित्र गुरुवार, बँक चालू. शुक्रवार 29, गुड फ्रायडे, बँकेला सुट्टी. शनिवार 30, हा महिन्याचा पाचवा शनिवार, दुसऱ्या चौथ्या शनिवारी सुट्टी असते पाचव्याला नसते, म्हणून चालू. रविवार 31, ईस्टर. आणि 20 मार्चला रिझर्व्ह बँकेचं पत्रक आलं की सरकारी व्यवहार करणाऱ्या सगळ्या बँकांच्या त्या त्या शाखा 31 मार्चला रविवार असूनही उघड्या राहतील. त्याच आठवड्यात इन्कम टॅक्सवाल्यांचीही ऑर्डर आली, त्यांची ऑफिसं तर 29, 30, 31 तिन्ही दिवस चालू, म्हणजे त्यांना गुड फ्रायडेसुद्धा नाही. सोमवार 1 एप्रिलला बँक लोकांसाठी बंद पण आत क्लोजिंगचं काम, स्टाफ हजर.

वहिनीने ते पत्रक फोनवर वाचलं आणि काही बोलली नाही, पोळ्या लाटत होती ती लाटत राहिली. आईने विचारलं काय झालं. ती म्हणाली, "आई, ईस्टरला मी कामावर." आईने हातातली वाटी खाली ठेवली. तिच्या 74 वर्षांत या घरातल्या कोणीही ईस्टरच्या दिवशी कामाला गेलेलं नव्हतं, आजोबा शेतकरी होते, वाडीत केळी आणि भाजी, त्या दिवशी मोटसुद्धा जोडत नसत.

नुसतं बँकेने सुट्टी दिली नाही एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. मला जे दिसलं ते असं की ताण चार बाजूंनी होता आणि त्यातली एक बाजू आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली होती.

ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून सांगते. तो सुरू होतो राखेच्या बुधवारी, आणि त्या वर्षी राखेचा बुधवार 14 फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाइनच्या दिवशी. वहिनी पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेली, कपाळावर राख घेतली, ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते, आणि तशीच गाडीत चढली. लेडीज डब्यात एका बाईने प्रेमाने रुमाल पुढे केला, कपाळाला काहीतरी लागलंय म्हणाली. वहिनीने सांगितलं काय आहे ते. ती बाई म्हणाली आमच्याकडे पण अंगारा लावतात, आणि विषय संपला, इतकं सोपं होतं. ऑफिसमध्ये मात्र त्या दिवशी लाल कपडे आणि सगळ्यांचं जेवण ठरलेलं, तिथे तिने मी आज एकच वेळ जेवते म्हटल्यावर दोघीतिघींनी आग्रह केला, मग डाएट का, मग आजारी का. वहिनी म्हणते राखेबद्दल सांगणं सोपं गेलं, पण न जेवण्याबद्दल सांगताना मी का कोण जाणे ओशाळले.

दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट असते, येशूच्या शेवटच्या प्रवासातली चौदा स्थानं, प्रत्येक स्थानाशी थांबून प्रार्थना. सात वाजता सुरू होते आणि वहिनी घरी पोचते साडेआठ पावणेनऊला, म्हणजे लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिला शुक्रवारची क्रूसाची वाट जवळजवळ मिळालेलीच नाही. मग तिने जे केलं ते मला इतकं आवडलं की मी आमच्या गटातल्या सगळ्या बायकांना सांगत सुटलेय. सांताक्रूझ ते वसई रोड स्लो गाडीची स्टेशनं मोजा. सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड. बरोबर चौदा. आणि सुरुवात जिथून होते त्या सांताक्रूझ नावाचा पोर्तुगीजमध्ये अर्थच पवित्र क्रूस. तर ती शुक्रवारी मुद्दाम फास्ट सोडून विरार स्लो पकडायची, उभी राहूनच, कारण सांताक्रूझला त्या गाडीत बसायला मिळणं शक्यच नाही, आणि एकेका स्टेशनला एकेक स्थान मनातल्या मनात. अंधेरीला येशू पहिल्यांदा पडतो, तिथे डब्यात अशी गर्दी घुसते की आपणही पडतो की काय वाटतं. जोगेश्वरीला आई भेटते. राम मंदिरला शिमोन क्रूस उचलायला हात देतो. कांदिवलीला यरुशलेमच्या रडणाऱ्या बायका, आणि आजूबाजूला लेडीज डब्यातल्या दमलेल्या बायका. भाईंदरला बारावं स्थान, येशू प्राण सोडतो, आणि गाडी खाडीच्या पुलावर चढते. ती म्हणते पुलावर चाकांचा आवाज बदलतो, खिडकीतून खारा वारा येतो, डब्यातलं बोलणं पण जरा कमी होतं, मी नायगाव येईपर्यंत काहीच म्हणत नाही नुसती उभी असते. नायगावला क्रूसावरून खाली काढतात, आणि वसई रोडला उतरायची वेळ, कबरेत ठेवतात.

कोणी म्हणेल ही काय प्रार्थना झाली, कानाशी कोणीतरी फोनवर भांडतंय आणि कोणी कोथिंबीर निवडतंय. मला उलट वाटतं. चर्चमध्ये पंखा असतो, बाक असतो.

तर पत्रक आल्यानंतरच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारीच, दुपारी जेवणं झाल्यावर मी वहीपेन घेऊन बसवलं सगळ्यांना. आधी आईला ते आवडलं नाही, सणाची मिटिंग घेतात काय म्हणाली. पण वहिनी रडवेली झाली होती, चार दिवस ती आणि आई एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि भाऊ नेहमीप्रमाणे दोघींच्या मध्ये गप्प. त्यामुळे कोणीतरी बसवायलाच हवं होतं.

पहिल्यांदा प्रत्येकाने आपापली अडचण सांगितली. मुलाच्या क्लासने शुक्रवारी 29 ला दुपारी दोन ते पाच मॉक टेस्ट ठेवलेली, म्हणजे बरोबर चर्चमधल्या गुड फ्रायडेच्या तीन वाजताच्या विधीच्या वेळेत. भावाची गुड फ्रायडेला रात्रपाळी, कारण त्यांच्या कंपनीची सुट्टी क्लायंटच्या कॅलेंडरवर चालते आणि अमेरिकेत गुड फ्रायडे ही केंद्र सरकारची सुट्टी नाही. मला स्वतःला हे तेव्हाच कळलं, आपल्याला वाटतं तिकडे सगळे ख्रिस्ती म्हणजे सगळं बंद असेल. वहिनीचं तर सांगितलंच. आणि आईची अडचण तिने सगळ्यात शेवटी सांगितली, अडचण कसली यादी होती ती. शुक्रवारी पेज, शनिवारी मार्झिपानच्या अंड्यांसाठी काजू वाटायचे, पीठ भिजवायचं, रविवारी सकाळी त्या पिठाचे फुगे तळायचे, मटण, डुकराच्या मटणाचं इंद्याल, नणंदा जावा भाचरं मिळून बावीस माणसं जेवायला. ही यादी तिने बोटांवर म्हणून दाखवली आणि मग म्हणाली, "हे नाही केलं तर ईस्टर कसला?"

इथे वहिनी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "आई, मला बँकेचं एवढं नाही वाटत. मला या यादीची भीती वाटते. मी शनिवारी रात्री दहाला काजू वाटत बसणार आणि चर्चमध्ये ईस्टरच्या जागरणाला जाऊ शकणार नाही, मागच्या वर्षी तेच झालं, मी ओट्यापाशी होते आणि घंटांचा आवाज घरात ऐकला."

आई गप्प झाली. मीही, कारण मागच्या वर्षी त्या बावीसात जेवायला मी पण होते आणि फुगे मी पण मागून घेतले होते.

मग मी जे केलं ते एवढंच की चर्च नक्की काय मागतं ते वहीत उतरवून काढलं, फादरना फोन करून दोन गोष्टी विचारून खात्री केली. आणि खरं सांगते, आम्ही ज्याला नियम समजत होतो त्यातलं अर्धं नियम नव्हतंच. उपवास सक्तीचा वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तो 18 पूर्ण झाल्यापासून साठीत पाऊल पडेपर्यंत, एक पूर्ण जेवण आणि लागलंच तर दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून पूर्ण जेवण होणार नाही इतकं. मांस वर्ज्य चौदा वर्षांपासून पुढे. म्हणजे आईला उपवास बंधनकारक नाही, 17 च्या नातवालाही नाही, तरी आई कडक करते आणि मग शुक्रवारी संध्याकाळी तिची शुगर खाली जाते. गुड फ्रायडेच्या विधीला जावं ही सगळ्यांची इच्छा असतेच, पण तो रविवारच्या मिस्सासारखा बंधनाचा दिवस धरलेला नाही. बंधन आहे ते रविवारचं, आणि आपल्या देशात त्याशिवाय नाताळ आणि 15 ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, त्यातल्या 15 ऑगस्टला सुट्टी मागायची वेळ येतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शनिवारी रात्रीचा जागरणविधी हीच ईस्टरची मिस्सा आहे. म्हणजे वहिनी शनिवारी रात्री आली की तिचा ईस्टर झाला, रविवारी बँकेत बसली तरी तिचं काही चुकलं नाही.

हे ऐकल्यावर ती म्हणाली, इतकी वर्षं मला हे कोणी सांगितलं का नाही. बरोबर आहे तिचं. आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे शिकलेलो असतो पण घरात जे चालतं तेच नियम होऊन बसतं.

आणि एक गोष्ट होती जी वहिनीने कोणालाच सांगितली नव्हती, ती त्या दुपारी बाहेर आली. पवित्र गुरुवारी, येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीसाठी, बारा जणांत तिचं नाव आलं होतं. पूर्वी बाराही पुरुषच असायचे, 2016 मध्ये पोप फ्रान्सिसनी नियम बदलला आणि बायकांनाही बसता येऊ लागलं. आमच्या आळीतून त्या वर्षी तिला विचारलेलं आणि तिने परस्पर नाही सांगून टाकलेलं, कारण 28 तारखेला संध्याकाळी सहाला चर्चमध्ये असणं म्हणजे बँकेतून चारला निघणं, मार्चच्या शेवटच्या गुरुवारी, ते विचारायची पण तिची हिंमत झाली नाही. हे सांगताना तिचा आवाज फुटला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "फादरांना विचार, तिच्या जागी मी बसले तर चालेल का."

मला वाटतं खरा बदल तिथे झाला, वहीपेनने नाही.

मग ठरलं ते असं. घरातल्या पाचही जणांनी एकत्र असायचंच अशी एकच गोष्ट धरायची, शनिवारचं जागरण. बाकी ज्याला जे जमेल ते, आणि ज्याला नाही जमणार त्याला कोणी टोमणा मारायचा नाही. बावीस माणसांचं जेवण पुढच्या रविवारी, 7 एप्रिलला. यासाठी आई एवढ्या लवकर तयार झाली याचं कारण मी तिला दाखवलं की चर्च ईस्टरपासूनचे आठ दिवस एकच सण धरतं, तो आठवा दिवस म्हणजे दैवी दयेचा रविवार, तेव्हाही अजून ईस्टरच. पुढे ढकलतोय असं नाही, सणाच्या आतच करतोय. आणि सुट्टी ज्याला मागायचीय त्याने उद्याच मागायची, तोंडी नाही, लिहून.

आता काय झालं ते. सगळं मनासारखं झालं नाही.

मुलाचं सगळ्यात चांगलं झालं. त्याच्या बॅचमध्ये आणखी दोन ख्रिस्ती मुलं होती, वसईचीच, तिघांनी मिळून मेल केला की शुक्रवारी आमचा मोठा दिवस आहे, आम्हाला पेपर शनिवारी सकाळी द्या. अर्ध्या तासात उत्तर आलं, हो या. क्लासच्या लोकांना बहुतेक माहीतच नव्हतं तीन वाजता काय असतं, त्यांच्या लेखी ती एक सुट्टी होती आणि सुट्टीत मॉक टेस्ट ठेवायचीच असते. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपण आधीच धरून चालतो की नाहीच म्हणणार, आणि मग घरी बसून कुढतो.

भावाचं नाही झालं. त्याने 25 ला अर्ज केला, उत्तर आलं की रोस्टर महिनाभर आधी लागतं, आता बदली माणूस नाही. त्यांच्याकडे वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या असतात, त्यातली एक त्याने जानेवारीतच एका लग्नासाठी वापरलेली आणि दुसरीसाठी चार आठवड्यांची नोटीस. तो शुक्रवारी तीनच्या विधीला आला, क्रूसाचं चुंबन घेतलं, आणि विधी संपायच्या आधी मागच्या दाराने निघाला. संध्याकाळी येशूच्या मूर्तीची मिरवणूक निघते ती त्याच्याशिवाय गेली, दरवर्षी तो खांदा द्यायला असतो. त्याला फार लागलं ते, रात्री अकराला ऑफिसातून मला मेसेज, मिरवणूक झाली का नीट. तिकडे त्याच्या टीममधल्या एका मुलाने सकाळीच हॅपी गुड फ्रायडे पाठवलेलं. त्या मुलाचा हेतू चांगलाच होता आणि भावाने त्याला नीट समजावलं की हा दुःखाचा दिवस असतो, शुभेच्छा रविवारी दे. त्याने रविवारी आठवणीने फोन केला. नाताळ सगळ्यांना माहीत असतो कारण तो मॉलमध्ये दिसतो, दुकानात दिसतो. पवित्र आठवड्याचं दुकानात काहीच दिसत नाही, तो आपण सांगितल्याशिवाय कोणाला कळणार कसा.

वहिनीचं मधलं. तिने रविवारी अर्धा दिवस मागितला होता, मिळाला नाही, सरकारी काउंटरवर दोनच माणसं आणि दोघंही लागणार. पण मॅनेजरने गुड फ्रायडेलाही दोन तास येऊन जा, रिकन्सिलिएशन म्हणजे हिशोब जुळवायचं काम राहिलंय असं म्हटल्यावर तिने पहिल्यांदा सरळ नाही सांगितलं. सर, रविवारी मी पूर्ण दिवस येते, उशिरापर्यंत थांबते, शुक्रवारी येणार नाही. आणि तो हो म्हणाला. तिचं म्हणणं आहे की रविवारचं आधीच पक्कं ठरलं होतं, मनात रुखरुख नव्हती, म्हणून शुक्रवारचं ठामपणे सांगता आलं. एरवी ती शुक्रवारीही गेली असती आणि रविवारीही.

गुरुवारी आई बारा जणांत बसली. पांढरी साडी, गुडघे दुखतात म्हणून खाली उशी. चपलेचा पट्टा तिला वाकून काढता येईना तर शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने काढून दिला. फादर तांब्याने पाणी ओतत पुढे आले, पाय पुसला, आणि आईने दोन्ही हातांनी पदर इतका घट्ट धरलेला की मला वाटलं फाटेल. वहिनी वसई रोडला उतरली तेव्हा दहा वाजून गेलेले. ती घरी आलीच नाही, रिक्षाने सरळ चर्चला, बाराला दिवे मालवेपर्यंत आराधना चालू असते तिथे मागच्या बाकावर जाऊन बसली, खांद्याला बँकेची बॅग, गळ्यात आयकार्ड तसंच. आई तिथेच थांबलेली होती तिच्यासाठी. तिने सरकून जागा दिली आणि हळूच म्हणाली, "पाणी गार होतं गं." एवढंच. मग दोघी तास दीड तास बसल्या.

शनिवारी दुसरीच एक गंमत, म्हणजे गंमत नाही, चांगली गोष्ट. त्या वर्षी रमजानही त्याच दिवसांत होता, 12 मार्चपासून. वहिनीच्या शेजारच्या काउंटरवर एक मुस्लिम सहकारी, तिचे रोजे चालू. दोघींनी तो अख्खा महिना एकमेकींना सांभाळून घेतलं, हिच्या शुक्रवारी ती चहा समोर पीत नाही कारण ती तर पाणीही पीत नव्हती, आणि तिच्या इफ्तारच्या वेळी सात वाजायच्या आत ही दोन्ही काउंटरं बघायची. 30 तारखेला संध्याकाळी रोजा सुटल्यावर त्या बाईने खजूर पुढे केला आणि म्हणाली तू निघ, तुझं रात्रीचं काहीतरी आहे ना, उरलेली चलनं मी चढवते. म्हणून वहिनीला लवकरची गाडी मिळाली. 11 एप्रिलला ईद होती, तिच्या आदल्या दिवशी वहिनीने तिचं काम उचललं.

घरी येऊन ती अर्धा तास नुसती आडवी पडली. ओट्यावर काहीच नव्हतं, आईने मुद्दाम काही काढलं नव्हतं, तांदळाची पेज आणि सुकं लोणचं. दहाला आम्ही सगळे चर्चच्या आवारात. दिवे बंद, बाहेर शेकोटी पेटवलेली, फादरांनी मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर अल्फा खाली ओमेगा आणि चार बाजूंना 2, 0, 2, 4 हे आकडे, मग धूपाचे पाच दाणे खोचले. ख्रिस्ताचा प्रकाश, देवाला धन्यवाद, असं तीनदा म्हणत अंधारात आत. एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. भाच्याने स्वतःची लावून घेतली आणि वहिनीची लावायला वळला तर तिचा हात थरथरत होता, दमून, मेण टपकून बोटावर पडलं. तिने हात काढला नाही. नंतर वाचनं सुरू झाली, जगाची उत्पत्ती, अब्राहाम, लाल समुद्र, आणि मला कबूल केलं पाहिजे की लाल समुद्राच्या वेळी वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून चक्क झोपली. भाची तिला उठवायला गेली तर आईने तिचा हात धरला, झोपू दे म्हणाली. गौरवगीत सुरू झालं आणि गुरुवारपासून मुक्या असलेल्या सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या, दिवे लागले, तेव्हा ती दचकून जागी झाली. या वेळी ती ओट्यापाशी नव्हती.

साडेबाराला घरी. सकाळी रविवारच्या वेळापत्रकाची गाडी पकडून ती कामावर. डब्यात आदल्या रात्री चर्चबाहेर वाटलेला केकचा तुकडा. दिवसभर टॅक्सची चलनं, चेकचं स्पेशल क्लिअरिंग, लोक शेवटच्या तासाला धावत येणारे. रात्री साडेनऊला घरी आली तेव्हा आईने स्वतःच्या हाताने चार फुगे तळून ठेवलेले, बावीस जणांचे नाही, चारच.

7 एप्रिलला जेवण झालं. सतरा माणसं आली, पाचजण नाही आली, त्यातल्या दोन मावश्यांना आवडलं नाही की ईस्टर आठवडाभर उशिरा, त्यांनी फोनवर तसं सांगितलंही. आईने त्यांना आठ दिवसांच्या सणाचं समजावलं, पटलं की नाही माहीत नाही. मटण माझ्या भावाने केलं, काजू मुलांनी वाटले, मार्झिपानची अंडी जरा वेडीवाकडी झाली. माझ्या मते हेच आधीपासून व्हायला हवं होतं. आपण बायकांनी सण म्हणजे आपली परीक्षा करून ठेवलीय, आणि ऑफिसला दोष देऊन मोकळ्या होतो. ऑफिसचा दोष आहेच, पण शनिवारी रात्री वहिनीला चर्चमध्ये जाण्यापासून मागच्या वर्षी बँकेने नाही, आम्ही अडवलं होतं.

एक राहिलं ते भावाच्या मिरवणुकीचं. ते परत मिळत नाही. आता तो राखेच्या बुधवारी घरी आला की त्याच दिवशी गुड फ्रायडेचा अर्ज टाकतो, मध्ये सव्वासहा आठवडे असतात, कुठल्याही रोस्टरला पुरतात. 2025 ला ईस्टर 20 एप्रिलला होता, इयर एंडपासून लांब, त्याला सुट्टी मिळाली. आणि 17 एप्रिलच्या पवित्र गुरुवारी वहिनीला परत विचारलं होतं, तिने दुपारी अर्धा दिवस काढला आणि बारा जणांत बसली, आईच्या त्याच उशीवर पाय ठेवून.

2027 ला गुड फ्रायडे 26 मार्चला आहे आणि ईस्टर 28 ला. भाचीने फ्रीजवर चिकटवून ठेवलंय, लाल पेनने.